कोरी चिकटपट्टी

माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेली ती पोरगी मला कशानेच हाक मारत नसे. काकू नाही, मावशी नाही, साधं 'अहो'सुद्धा नाही. दुकानाच्या दारात यायची आणि थेट मुद्द्यावर. "नळाला पाणी येत नाहीये." अगं बाई, कुणाला सांगतेस, भिंतीला? तोंडावर मी काही बोलले नाही, पण मनातल्या मनात तिचं नाव घुमी ठेवून टाकलं. तेच तोंडात बसलं ते बसलंच.

मी खाली बटणांचं दुकान चालवते. बटणं, हुक, चेन, अस्तर, दोऱ्याची रिळं. गल्लीत मला सगळे बटणवाली म्हणतात. माझं खरं नाव आता बहुधा विजेच्या बिलालाच ठाऊक असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा लांबच्या शहरात आपल्या संसारात बुडालेला. त्यामुळे वर कुणी खुर्ची सरकवली, भांडं पाडलं, की मला बरं वाटतं. घरात माणूस आहे एवढं तरी कळतं. घुमी मात्र भांडंही कधी पाडायची नाही. भाडेकरू म्हणून लाखात एक, आणि शेजार म्हणून असून नसल्यासारखी.

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच ताटकळत बसायला नको. तिला पुढे जी खाज सुटली, तिच्यात तिच्या पोटातल्या बाळाचा जीव अडकला होता. आणि हे तिला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, कुणालाच नव्हतं.

ती आली तेव्हा नवरा बरोबर होता. जहाजावर आचारी. हसतमुख माणूस, ट्रंक वर नेताना माझ्या कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालून गेला, न सांगता. थोड्याच दिवसांत त्याचं जहाज निघालं. बंदर लागलं की त्याचा फोन यायचा. जिन्यात उभी राहून ती बोलायची, कारण खोलीत आवाज तुटायचा, आणि माझ्या दुकानात सगळं ऐकू यायचं. आता कान काय बंद करता येतात? तो विचारायचा, "सगळं ठीक?" ती म्हणायची, "ठीक." तो सांगायचा आज काय शिजवलं, समुद्र कसा होता. मग पुन्हा, "नक्की ठीक ना?" "हो, ठीक." फोन संपला की जिन्यातच थोडा वेळ उभी राहायची. मग वर जायची.

तिला दिवस गेलेत हेही तिने मला सांगितलं नाही. जिना चढताना तिला धाप लागायला लागली, तेव्हा मीच विचारलं. "हो," म्हणाली. बस्स, एवढंच. मी म्हटलं, "आईला कळवलंस?" तर म्हणे आई लहानपणीच गेली. मामाकडे वाढली. मामा-मामी वाईट नव्हते, असं तिनेच मग एकदा तुटक तुटक सांगितलं. खायला-प्यायला घालत, शाळेतही घातलं. पण ताप आला तरी मामी आधी उसासा टाकायची आणि मग थर्मामीटर शोधायची. तो उसासा ऐकायला लागू नये म्हणून ही पोरगी ताप लपवायला शिकली. मला त्या मामीचा अजून राग येतो, आणि मी तिला पाहिलेलंही नाही.

गल्लीच्या टोकाला एक कारखाना आहे, तिथे घुमी कामाला जायची. बॉयलर आणि गरम पाइप यांच्यावर चढवायची आवरणं तिथे शिवतात. दोन जाड कापडांच्या मधे काचेची लोकर भरायची आणि दणकट मशीनवर शिवून काढायची. ही लोकर दिसायला मऊ, पण तिचे तंतू काचेचे. कातडीत घुसले की नुसता वैताग. त्यावर तिथल्या बायकांचा ठरलेला उपाय आहे. शिफ्ट सुटली की आधी गार पाण्याने हात धुवायचे, मग चिकटपट्टीचा तुकडा कातडीवर दाबायचा आणि सर्रकन ओढायचा. तंतू पट्टीला चिकटून येतात, उजेडात धरले की चमकतात. बायका ओळीने उभ्या राहून एकमेकींच्या मानेवर, पाठीवर पट्ट्या मारतात, चेष्टामस्करी चालते. नवी बाई खाजवायला लागली की जुन्या म्हणतात, आता तू आमची झालीस. आणि तिथे सगळ्या शपथेवर सांगतील की काच अंगात मुरते, काम सोडलं तरी महिनोन् महिने बाहेर पडत राहते. कुणी तपासलंय? कुणीच नाही. पण कारखान्याच्या भोंग्याइतकी ही गोष्ट तिथे पक्की.

पोट दिसायला लागलं तशी मुकादमीणबाईंनी घुमीला लोकरीपासून उठवलं आणि आतल्या खोलीत तयार मालाला चिठ्ठ्या बांधायला बसवलं. चांगलंच केलं त्यांनी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या खोलीत ती एकटी. गप्पा, हसणं-खिदळणं सगळं शिवणखात्यात राहिलं. शिफ्ट सुटल्यावर पट्टी मारायला तिला कुणी बोलावेना, कारण तिला आता लोकर लागतच नव्हती. तशी ती गप्पांमध्ये कधी नव्हतीच, पण कुणीतरी मानेला हात लावायचं, तेही गेलं.

खाज सुटली ती आधी पोटाला. तपासणीला गेली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, कातडी ताणली जाते, पुष्कळ बायकांना होतं. सैल सुती कपडे घाला, आंघोळीला कढत पाणी नको, वासाचा साबण नको, बिनवासाचं मलम लावा, नखं कापून ठेवा, खाजलं तर ओरबाडू नका, गार ओला कपडा ठेवा. आणि त्याच दमात हेही सांगितलं की तळहातांना नाहीतर तळपायांना खाज आली, रात्री जास्त वाढली, तर थांबायचं नाही, दिवस असो रात्र असो, फोन करायचा. नर्सची काही चूक नव्हती. बिचारीने सगळं सांगितलं होतं.

घुमीने सांगितलेलं सगळं केलं. माझ्याकडून नाडी घेऊन गेली आणि कपड्यांतलं इलॅस्टिक काढून टाकलं. साबण बदलला. पोटाची खाज आटोक्यातही आली. मग ती तळहातांना सुरू झाली, मग तळपायांना. पुढच्या तपासणीत नर्सने विचारलं, "हातापायांना खाज?" ही म्हणाली, "नाही." खोटं बोलली का? तिच्या मते नाही. हातांची खाज म्हणजे काच, आणि काच म्हणजे काम. कामाचं दुखणं कुणी दवाखान्यात सांगतं का? शिवणखात्यातल्या कुठल्याही बाईने हेच उत्तर दिलं असतं, आणि तेवढ्याच साळसूदपणे.

मला काही कळायचं कारणच नव्हतं. मला फक्त आवाज यायचा. जी बाई कधी भांडं पाडत नाही, तिच्या खोलीतून रोज रात्री फरफर, फरफर असा आवाज. थांबायचा, पुन्हा सुरू. मला वाटलं, बाळ यायचंय म्हणून पलंग-बिलंग सरकवून बघते आहे. पण रोज? मग दिवसाही तिचा अवतार दिसायला लागला. डोळ्यांखाली काळं, जेवणावर वासना नाही, जिन्याच्या कठड्याला तळहात घासत उतरायची. मी विचारलं, "झोपत नाहीस का गं?" म्हणाली, "झोपते." आणि निघून गेली. ताकास तूर लागू देईल तर शपथ.

मग तिच्या सुट्टीच्या एका दुपारी मी जिना झाडत होते, तर माझ्या चपलेला काहीतरी चिकटलं. काढते तर निघेना. चिकटपट्टीचा तुकडा. पुढच्या पायरीवर आणखी एक. कचऱ्याच्या डब्यात तर ढीग. माझं डोकंच फिरलं. मी चपलेसकट वर गेले आणि दार वाजवलं. "हा काय प्रकार आहे? जिना आहे की डिंक लावलेलं पाकीट?"

दार उघडलं तर ती घामाघूम. जमिनीवर बादलीत गार पाणी, आत पाय बुडवायचे म्हणून खुर्ची ओढलेली. पलंगाशेजारी पायपुसणं होतं, काथ्याचं, खरखरीत. मधोमध पार झिजलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की रात्री फरफर होते ती कशाची. ही बाई त्याच्यावर तळपाय घासत होती.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "पाय दाखव." ती दाखवेना. मी म्हटलं, "मी तुझी घरमालकीण आहे, दाखव म्हणते ना." आता घरमालकिणीचा आणि पायांचा काय संबंध, पण तेव्हा तेवढंच सुचलं. तळपाय लालभडक, खाजवून सोलवटलेले. पण पुरळ नाही, फोड नाही, काही नाही. "काच आहे," ती म्हणाली. "मुरलेली. निघेल हळूहळू. पट्टी मारतेय ना रोज."

"पायांत काच कशी मुरेल? कामावर बूट घालतेस ना?"

"घालते."

"आणि लोकरीला हात लावून किती महिने झाले?"

ती तळहात कपड्याला घासत राहिली. मी तशी अडाणीच, मला दवाखान्यातलं काही कळत नाही. पण दिवसभर बटणाची भोकं आणि सुईची नेढी बघून माझे डोळे गेलेत, म्हणून गल्ल्यापाशी दिवा आणि मोठं भिंग ठेवलेलं असतं. मी तिला म्हटलं, चल खाली. येताना तुझा जुना कामाचा कोट घेऊन ये. ती आली, का आली कोण जाणे, बहुधा नाही म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं.

मी कोटाच्या बाहीवर पट्टी दाबली, ओढली आणि दिव्याखाली भिंगात धरली. पट्टीभर बारीक बारीक रेषा चमकत होत्या. मग तिच्या तळपायावर नवी पट्टी दाबली, ओढली, धरली. थोडी मेलेली कातडी. बाकी पट्टी कोरी. तळहातावर मारली. तीही कोरी.

"तूच बघ," मी म्हटलं.

तिने भिंग हातात घेतलं. एक पट्टी बघितली, दुसरी बघितली, परत पहिली. पट्ट्या ती रोजच ओढत होती, पण खोलीतल्या मंद दिव्यात, डोळ्यांत झोप असताना. काच असणारच म्हणून कधी धड बघितलंच नव्हतं. "मग हे काय आहे?" म्हणाली. कधी नव्हे ते तिने मला काहीतरी विचारलं होतं.

मी म्हटलं, "दवाखान्यात फोन लाव."

"उगाच कशाला. परवा तपासणी आहेच."

"अगं पण..."

"ते म्हणतील एवढ्यासाठी फोन केला."

तिथे मला ती उसासा टाकणारी मामी दिसली. मी गल्ल्यावरचा फोन उचलून तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "म्हणू देत. माझं नाव सांग, बटणवाली भांडखोर आहे, तिने जबरदस्ती केली म्हणावं." नंबर तिला पाठ होता. म्हणजे मनात कितीदा तरी लावला असणार तिने तो.

पलीकडे नर्स होती. मी शेजारीच उभी, तिचा आवाज मलाही येत होता. खाज कुठे जास्त? तळहात, तळपाय. पुरळ? नाही. रात्री वाढते? हो, झोप लागत नाही. लघवीचा रंग? घुमी हळूच म्हणाली, "गडद आहे. पाणी कमी पिते म्हणून असेल." शौचाचा? "फिकट." बाळ हलतंय का, नेहमीसारखं? तिने पोटावर हात ठेवला. "हलतंय." नर्स म्हणाली, "आत्ताच या. परवापर्यंत थांबू नका, उद्यावरही नको. आणि हालचाल कमी वाटली तर वाटेतून फोन करा."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि टॅक्सी थांबवली.

दवाखान्यात खिडकीपाशी विचारलं, सोबत कोण, नातं काय. मी घुमीकडे पाहिलं. तिने काही सांगितलं नाही. मग मीच म्हटलं, "घरमालकीण." खोटं कशाला बोला, मला जरा लागलंच. पण ती वेळ ते मनात धरून बसायची नव्हती.

तिचं रक्त घेतलं, पोटाला पट्टे बांधून यंत्र लावलं. बाळाच्या काळजाचे ठोके खोलीभर ऐकू यायला लागले आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला. मग एक तरुण डॉक्टरीण आली, खुर्ची ओढून बसली. तिने समजावून सांगितलं की पोट ताणल्याची खाज वेगळी आणि ही वेगळी. गरोदरपणात काही जणींच्या यकृतातलं पित्त नीट वाहत नाही, ते रक्तात साठतं आणि अंग खाजायला लागतं, विशेष करून हात-पाय. आईला त्रास खाजेचा, पण ते पित्त फार वाढलं तर धोका बाळाला. कधीकधी बाळ पोटातच जातं. म्हणून रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं, बाळावर लक्ष ठेवायचं, आणि गरज पडली तर दिवस पूर्ण भरायची वाट न बघता बाळंतपण करून घ्यायचं.

"आधी का नाही आलात?" तिने विचारलं. रागाने नाही.

"मला वाटलं, काच आहे," घुमी म्हणाली.

डॉक्टरणीला काही कळेना. काच, कारखाना, चिकटपट्टी हे सगळं मला सांगावं लागलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्याकडे आणखी कुणी गरोदर बाई काम करत असेल तर तिलाही सांगा. हातापायांची खाज कशाची, ते तिने ठरवायचं नाही, आम्ही ठरवू."

रक्ताचे आकडे चांगले नव्हते. तिला ठेवून घेतलं. औषध सुरू झालं, खाज थोडी नरमली, गेली नाही. खोलीत इतर बायकांकडे माणसांची रीघ. कुणाची सासू, कुणाची बहीण, कुणाची आख्खी वरात. घुमीच्या खाटेशेजारचं स्टूल रिकामं असायचं, मी दुकान बंद करून पोचेपर्यंत. आणि मी पोचल्यावरही बोलायचो काय आम्ही? मी बटणांचं सांगायची, ती छताकडे बघत ऐकायची. एकदा मात्र म्हणाली, "ती मेली असती तर मी रडलेलंही कुणाला कळलं नसतं." मुलगीच आहे असं तिने आधीच ठरवून टाकलं होतं. मी तिची चादर सारखी केली. खरं होतं ते.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. बंदर लागलं असावं. मी उठायला लागले, तर तिने माझी बाही धरली.

"सगळं ठीक?" त्याने विचारलं.

तिने तोंड उघडलं. 'ठीक' अगदी ओठांवर आलेलं मला दिसलं. मग ती म्हणाली, "नाही." आणि रडायला लागली, हुंदके देऊन देऊन. पलीकडून तो काय म्हणत होता ते काही कळलं नाही, पण बराच वेळ बोलत होता. माझी बाही तिने शेवटपर्यंत सोडली नाही. हात अवघडला माझा.

आकडे आणखी चढले, तसं डॉक्टरणीने ठरवलं, आता थांबायचं नाही. कळा आणल्या. मुलगी झाली, मूठभर जीव, पण जन्मताच असा टाहो फोडला की बाहेर बाकावर मला ऐकू गेला. आवाजात आईवर गेली नाही, एवढी माझी खात्री पटली. काही दिवसांत घुमीची खाज अशी गेली की जणू आलीच नव्हती. जाताना डॉक्टरणीने बजावलं की हे पुढच्या खेपेला पुन्हा होऊ शकतं, तेव्हा लक्षात ठेवा.

ती घरी आली, आणि वर कधी नव्हे ते आवाज सुरू झाले. पोरीचं रडणं, भांडं पडणं, येरझाऱ्या. घुमी अजूनही हाक न मारताच बोलायची. "जरा हिला धरता का, आंघोळ करून येते." पण विचारायची. मी दुकान तसंच टाकून पोरीला घेऊन बसायची, गिऱ्हाईक ताटकळलं तरी. ते पायपुसणं मी स्वतः फेकून दिलं.

मग नवरा आला आणि त्यांना घेऊन गेला. त्याला किनाऱ्यावरच्या खाणावळीत काम मिळालं होतं, लांब. ट्रंक खाली आणताना त्याने पुन्हा माझ्या दाराला तेल घातलं. घुमी निघताना दारात उभी राहिली, काहीतरी बोलायचं होतं तिला, पण शेवटी "किल्ली खिळ्याला लावलीय" एवढंच म्हणाली. मी म्हटलं बरं.

वरची खोली मी लगेच भाड्याने दिली नाही. लोक विचारायचे, मी म्हणायची रंग द्यायचाय. रंग काही दिला नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं. वर काही वाजत नव्हतं. फोन मी तिला करू शकले असते, पण म्हटलं, तिने केला तर ठीक, आपण कशाला लोचटपणा करायचा.

आणि मग एके सकाळी, दुकान नुकतं उघडलं होतं, फोन वाजला.

"मावशी," पलीकडून आवाज आला, "मी बोलतेय."

मला क्षणभर कळेचना कोण. या नावाने मला कधी कुणी हाक मारली नव्हती.

"पुन्हा दिवस गेलेत. आठवा महिना. आणि काल रात्रीपासून तळपाय खाजतायत. दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले लगेच या. हे कामावरून थेट तिकडेच येतायत. मी पोरीला घेऊन निघालेय. म्हटलं, तुम्हाला सांगून निघावं."

"मग निघ ना बाई," मी म्हटलं. "फोन ठेव आणि निघ."

"हो," ती म्हणाली. पण फोन काही ठेवला नाही. दार लावल्याचा आवाज आला, मग पोरीची बडबड, मग जिना. मी दुकानात फोन कानाला लावून उभी राहिले आणि ती रस्त्यावर पोचेपर्यंत तिची पावलं ऐकत राहिले.